मेलेल्याच्या हाती निरोप

“रस्सा गार व्हायच्या आत येतो गं साफ्टे. माझी वाटी झाकून ठेव.”

दोन माणसांच्या मधून फाटकाबाहेर पडताना तिचा थोरला भाऊ गाव्रिल एवढंच बोलला होता. आपलं शेत सामुदायिक शेतीत द्यायला त्याने नकार दिला होता. नेणाऱ्यांतला एक ओनुफ्रे, गावचा पक्षचिटणीस. साफ्टा तेव्हा दोन वेण्यांची पोर. पुढे भाऊ मेल्याचं कळलं; कुठे पुरला ते नाही. ‘मी मेणबत्ती लावू तरी कुठे?’ म्हणत म्हणत आई गेली.

आज ओनुफ्रे स्वतःच शवपेटीत निजला होता.

“साफ्टा मावशी, मयताची गाणी तुम्हीच म्हणायची,” त्याचा मुलगा डोरिन म्हणाला. आताचा सरपंच तोच. “बाबांची तशी इच्छा होती.”

शेजारीण पारास्काने साफ्टाला कोपर मारलं. “जा की गं! बाप गप्प बसवायचा, लेक रडायला लावतोय. प्रगतीच म्हणायची!”

साफ्टा हसली नाही. पक्षाची राजवट कोसळली तेव्हा तिला वाटलं होतं, आता विचारता येईल. ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून ती कचेरीत गेली. भिंतीवरची तसबीर बदलली होती; खुर्चीत ओनुफ्रेच होता.

“बोल साफ्टा, काय अडलंय?”

“छपराला पत्रे हवे होते,” तिच्या तोंडून निघालं.

पत्रे दुसऱ्याच दिवशी आले. त्यांच्यावर पाऊस वाजू लागला की तिला झोप लागत नसे. पुढे ओनुफ्रे निवडून आला, त्याच्यामागून लेक आला. विचारायचं राहूनच गेलं.

मयताची गाणी सुरू झाली की म्हणणारीला कुणी अडवत नाही, पाद्रीसुद्धा. आणि ज्यांची माणसं आधी गेलीत, ते नव्याने निघालेल्याच्या हाती निरोप धाडतात. पारास्काने पेटीवर वाकून नवऱ्याला कळवलं, “आमच्या ह्यांना सांगा, गाय विकली. आणि त्यांची आलुबुखाराची दारू जावयाने संपवली म्हणावं!” डोळे पुसता पुसता लोक हसले.

मग साफ्टाने पेटीच्या काठावर हात ठेवून सूर लावला.

“ऊठ बा ओनुफ्रे, पाहुणे आले दारी,
तुझ्या दारची वाट माणसांनी भरली सारी.
नवं बांधलं घर, त्याला खिडकी ना दार,
वर हिरवं गवत, खाली मातीचा अंधार...”

डोरिनने डोळ्यांना रुमाल लावला. तिथेच सूर तुटला. साफ्टा मेलेल्याच्या कानाशी वाकली, पण तिचा आवाज अख्ख्या अंगणाने ऐकला.

“माझा गाव्रिल भेटेल तुला. म्हणावं, बहीण भित्री निघाली. ओनुफ्रे जिता होता तोवर तिला विचारवलं नाही. आता तरी सांग रे ओनुफ्रे, कुठं पुरलास माझा भाऊ?”