चौदा हात

पुठ्ठ्याच्या कारखान्यातल्या सात बायका रात्री अकराच्या सुमारास क्लबच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दारावरच्या धिप्पाड माणसाने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या पायांतल्या चपट्या बुटांकडे, आणि अगदी अदबीने विचारलं, "बाई, चुकून आलात का?"

"सातजणी एकदम कुठे चुकतात होय?" मुकादमीण म्हणाली. तिच्या आवाजाला आख्खी पाळी टरकून असते, तिथे हा बिचारा कोण. त्याने मुकाट्याने सातही मनगटांवर शिक्के मारले.

सगळ्यांना इथे आणलं होतं वहिनीने. आता ती वहिनी कुणाची, तर आत जो वाजवत होता त्या धाकट्याची. पण तो शाळेत असताना कारखान्याच्या फाटकाशी येऊन "वहिनी, वहिनी" असा धोशा लावायचा, त्यामुळे सगळ्या पाळीचीच ती वहिनी होऊन बसली. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा घरात सासू नव्हती, आठ वर्षांचा दीर होता, शेंबडा आणि हट्टी. तापात त्याच्या उशाशी ती बसली. जेवताना ताटावर चमच्याने ठोके धरतो म्हणून त्याच्या पाठीत धपाटेही तिनेच घातले, पण धपाट्यांनी कधी कुणाचा ठेका सुटलाय? आता चोविसाव्या वर्षी तो दिवसा एका दुकानात फोनची कव्हरं विकत होता, आणि रात्री खोलीच्या कोपऱ्यात आपली दोन यंत्रं मांडून, हेडफोन लावून, मान हलवत बसत होता.

आजची रात्र निकालाची होती. बारा वाजता बाहेरगावचा एक नावाजलेला डीजे वाजवणार होता, सगळी गर्दी त्याच्यासाठी. त्याच्या आधीचा एक तास मॅनेजरने धाकट्याला दिला होता. "बाराच्या आधी नाचायची फरशी भरलेली दिसली तर दर शुक्रवार तुझा. नाही दिसली तर मला पुन्हा फोन करू नकोस," असं त्याने स्वच्छ सांगितलं होतं. आणि घरी थोरल्याने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, त्याहून स्वच्छ सांगितलं होतं: या वाजवण्याला सहा वर्षं पुष्कळ झाली, आज जमलं नाही तर सोमवारी सकाळी सातला कारखान्यात प्रेसवर. साहेबांकडे त्याने शब्दही टाकून ठेवला होता. धाकट्याने त्यावर नुसती मान हलवली, आणि वहिनीची झोप उडाली ती तेव्हापासून.

थोरला काही वाईट माणूस नव्हे. तो स्वतः रात्रपाळीला त्याच प्रेसवर, त्याच्याच जिवावर घर उभं राहिलेलं. वहिनीलाही तिथे, लग्नाआधीची तीन धरून, एकोणीस वर्षं झाली होती आणि कामाची लाज तिला कधी वाटली नाही. पण खोक्यांसाठी पुठ्ठा कापणारी ती प्रेस काय चीज आहे, हे तिला माहीत होतं. या सातजणींतल्या सगळ्यांत वडील काकू, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसने घेतली होती. धाकट्याची ती लांब, चुळबुळी बोटं वहिनीला तिच्याजवळ नको होती, बस्स. एवढ्यासाठीच तिने चार दिवस पाळीतल्या एकेकीला पटवलं होतं. नाचता येत नाही? नाही तर नाही, निदान सात डोकी तर दिसतील.

आत जिना तळघरात उतरत होता. अर्ध्यातच मुकादमीणबाई थांबल्या आणि सगळ्यांनी सवयीने खिशातून कानातले फोमचे बोळे काढून कानांत सरकवले. वरून येणाऱ्या दोन पोरांनी ते पाहिलं आणि एकाने दुसऱ्याला म्हटलं, "या जुन्या खेळाडू दिसतात."

आणि मग तो ठोका आला. दार ढकललं तसा तो आधी तळपायांना लागला, मग पोटात, मग छातीच्या पिंजऱ्यात, आणि वहिनीला वाटलं आपलं काळीज आता आपल्या हुकमात नाही. अंधार, धूर, निळे झोत, घामाचा आणि अत्तराचा एकत्र वास, आणि माणसं तर अशी दाटलेली की हात वर काढायला जागा नाही. पण सगळी बारच्या काउंटरला चिकटलेली, नाहीतर भिंतींना टेकलेली. मधली फरशी स्वच्छ मोकळी, आत्ताच पुसून ठेवल्यासारखी. तिच्या पलीकडे उंचावर धाकटा उभा होता, खाली मान घालून, एका कानावर हेडफोन दाबून.

"आपली प्रेस मिनिटाला नव्वद ठोके," मुकादमीण वहिनीच्या कानाशी ओरडली, "हा सव्वाशेच्या पुढे आहे. पोरगं कामसू आहे हं."

वहिनीचं लक्ष घड्याळाकडे होतं. सव्वाअकरा. अकरा पंचवीस. मधे दोन मुली हातात हात घालून फरशीवर आल्या, चार पावलं नाचल्या आणि आपल्याकडेच सगळे बघतायत हे कळल्यावर हसत पळाल्या. मॅनेजर खांबाशी उभा राहून मनगटाकडे बघत होता. धाकट्याने एकदाच मान वर केली, मोकळी फरशी पाहिली आणि पुन्हा खाली घातली. त्याचा चेहरा तिला लांबूनही वाचता येत होता. परीक्षेत पेपर कोरा ठेवून घरी आला होता तेव्हाचा हा चेहरा.

"नुसत्या बघत काय उभ्या राहिलात? पाहुण्या आहात का?" काकू म्हणाल्या. साठीला टेकलेली ही बाई, गुडघ्यांनी जेरीस आलेली, सरळ फरशीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मग बाकीच्यांना जावंच लागलं.

आता खरी गंमत. नाचायचं म्हणजे उभं कसं राहायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सातजणी रोज उभ्या राहतात तशा उभ्या राहिल्या. एका रांगेत, हाताहाताच्या अंतरावर, मुकादमीण टोकाला. पाय आपोआप ठोका धरू लागले, त्यांचा तर धंदाच तो. पण हातांचं करायचं काय? हातांना एकच काम येत होतं. पुठ्ठा ओढा, सरकवा, मोडा, मागे फेका. ओढा, सरकवा, मोडा, फेका. सातजणींचे हात एका तालात निघाले, आधी लाजत, मग जरा जोरात, आणि मग वहिनीच्या लक्षात आलं की आपण हसतोय. नव्वदची सवय असलेलं अंग सव्वाशेवर पळत होतं आणि अंगाला ते भलतंच आवडलं होतं. खांदे सुटले, मान सुटली. एकोणीस वर्षं हेच हात हलवले, पण असं सुख कधी झालं नव्हतं.

बारपाशी माना वळू लागल्या. कुणीतरी फोन काढून चित्रण सुरू केलं, कुणी फिदीफिदी हसलं. वहिनीचे कान तापले, तरी हात थांबले नाहीत. हसा लेको, पण इकडे बघा तरी.

आणि तेवढ्यात ठोका बंद पडला.

ही त्या संगीताची रीत आहे म्हणे. मधेच खालचा ठोका काढून घ्यायचा, वर नुसता एक सूर ताणत ठेवायचा, माणसांना तरसवायचं आणि मग ठोका सोडायचा. पण या बायकांना कुणी सांगितलं होतं? त्यांच्या लेखी ठोका बंद पडणं म्हणजे एकच गोष्ट: प्रेस अडली. आणि प्रेस अडली की काय करायचं, हे काकूंच्या बोटांनंतर त्यांच्या हाडांत बसवलेलं होतं. सातजणी धाडकन दोन पावलं मागे सरकल्या, एकदम, एका रेषेत. चौदा हात ताठ वर गेले, पंजे उघडे, म्हणजे आत कुणाचा हात राहिलेला नाही हे दिसावं. आणि मुकादमीण रांगेसमोर येऊन, स्वतःचे दोन धरून, बोट नाचवत हात मोजू लागली.

सगळ्या क्लबने श्वास रोखला. ही काय भानगड आहे हे कुणाला कळेना, पण डोळेही हटवता येईनात. वहिनीचे हात वर होते आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की अगं बाई, ही प्रेस नव्हे. लाजेने तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मोठ्या मदतीला आलो होतो, आणि केलं काय, तर पोराचं हसं.

तिने वर पाहिलं. धाकटा त्यांच्याकडेच टक लावून बघत होता.

हात मोजण्याची गोष्ट त्याला घरात शंभरदा ऐकून पाठ होती. मुकादमिणीने "चौदा" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हे त्याला त्या रांगेतल्या कुठल्याही बाईइतकंच माहीत होतं. त्याचा हात एका बटणावर होता आणि तो हलत नव्हता. वरचा सूर ताणतच गेला, चढतच गेला, भांड्यात दूध वर यावं तसा. मुकादमीण आपली शांतपणे मोजतेय. दहा. अकरा. बारा. घाई म्हणून तिला माहीतच नाही.

"चौदा!" ती ओरडली.

आणि त्याने ठोका सोडला.

तो असा आला की जमीन हादरली. सातजणी दोन पावलं पुढे येऊन पुन्हा कामाला लागल्या, आणि बारपाशी एकच आरोळी उठली. मघाच्या दोन मुली धावत आल्या आणि रांगेच्या टोकाला उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग चित्रण करणारा तो पोरगा, त्याचे मित्र, मग एक टकलू गृहस्थ कोट काढून फेकत. ओढा, सरकवा, मोडा, फेका. मागे दुसरी रांग धरली, तिसरी धरली. पाच मिनिटांनी धाकट्याने मुद्दाम ठोका काढून घेतला, तर आख्खी फरशी दोन पावलं मागे गेली आणि दोनशे हात वर. मुकादमीणबाईंनी एवढे हात बघून कपाळावर हात मारला, पण मोजायला सुरुवात केली ती केलीच. या वेळी "चौदा" सगळ्यांनी मिळून म्हटलं.

पुढचं वहिनीला नीट आठवत नाही. कुणीतरी तिला गरगर फिरवलं. कुणी पाण्याची बाटली हातात दिली, ती निम्मी तिने प्यायली आणि निम्मी काकूंनी डोक्यावर ओतून घेतली. बारा वाजून गेले. नावाजलेला डीजे आपली यंत्रांची पेटी घेऊन येऊन उभा होता, पण त्याने फरशीकडे पाहिलं आणि धाकट्याला हातानेच खूण केली की चालू दे. आणि मॅनेजर, तो खांबाचा मॅनेजर, गर्दीतून वाट काढत धाकट्यापाशी गेला, कानाशी काहीतरी बोलला आणि त्याच्या खांद्यावर थोपटून परत फिरला. धाकट्याने वरूनच वहिनीला शोधलं आणि ओठांनी एकच शब्द म्हटला. शुक्रवार. तिचा जीव भांड्यात पडला.

साडेबाराला तिच्या खिशातला फोन थरथरला. रात्रपाळीची मधली सुट्टी. ती जिन्यात पळाली आणि कानातले बोळे काढले.

"अगं, काय झालं?" थोरला म्हणाला.

"भरली फरशी. त्याला शुक्रवार मिळाला."

तो म्हणाला, "खरं सांगतेस ना? त्याला सोमवारी प्रेसवर धाडू नये म्हणून तर नाही सांगत ना?"

"अहो, मी कशाला खोटं बोलू? थांबा, तुम्हीच ऐका." तिने जिन्याखालचं दार पायाने उघडून धरलं आणि फोन आत धरला. तिचा हात अवघडला तरी तिने तो खाली घेतला नाही.

"हे लोक चौदा चौदा का ओरडतायत?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. तो आधी हसला, मग हसता हसता कुठेतरी अडकला.

"सहा वर्षं तो कानाला लावून बसायचा गं," तो म्हणाला. "मला कधी ऐकूच आलं नाही. मीही कधी म्हटलं नाही, की मला ऐकव." मग म्हणाला, "सोमवारचं मी साहेबांना सांगतो. येत नाही म्हणून. आणि त्याला म्हणावं, पुढच्या शुक्रवारी मी पाळी बदलून घेतोय."

वहिनीने डोळे पुसले आणि ती गर्दीत घुसली. खांद्यांनी वाट काढत ती उंचावर चढली, धाकट्याच्या कानावरचा हेडफोन बाजूला केला आणि दादाचा निरोप शब्दन् शब्द त्याला सांगितला.

तो तिच्याकडे बघत राहिला. हात यंत्रावर तसाच. दुसरं गाणं जुळवून आत घ्यायची वेळ आली आणि गेली. दोन ठोके एकमेकांत अडखळले, एकमेकांच्या पायांवर पाय देत धावले, चांगले आठ-दहा ठोके. मग त्याने मनगटाने नाक पुसलं, एक ठोका जरासा मागे ओढला आणि सगळं पुन्हा जुळवून आणलं. त्या रात्रीतली त्याची ती एकुलती एक चूक. खाली नाचणाऱ्या कुणाच्याही ती लक्षात आली नाही, आणि वहिनीने ती कधी कुणाला सांगितली नाही.