झाकणावर ठेवलेलं पाणी

टण्ण!

वरून काहीतरी टेकलं. झाकणावर. मी दचकले. तशी मला दचकायला फार कारण लागत नाही. कबूतर फडफडलं, कोळसा तडकला, कुणी गच्चीचं दार आपटलं, तरी माझा जीव वर-खाली होतो. पण हे वेगळं होतं. टण्ण झालं आणि धूर वर जायचा थांबला. निघालेल्या पाहुण्याला दाराची कडीच सापडू नये, तसा माझ्याभोवती घुटमळायला लागला.

मी, ताप मोजणारी सुई, आतून बोलतेय. हो, अगदी आतून. गाझियाबादच्या एका सोसायटीच्या गच्चीवर, गोल झाकणाच्या शेगडीत, जाळीला अडकवलेली. माझ्या एका बाजूला कोळसे, दुसऱ्या बाजूला डुकराच्या बरगड्या. अंग इथे, पण आवाज आणि एक कान खाली फ्लॅटमध्ये, मिक्सरशेजारी ठेवलेल्या डबीत. इथे काही बिघडलं की तिकडे ती डबी वाजते. म्हणजे किंचाळायचं मी गच्चीवर आणि ऐकायचं बटाट्याच्या टोपलीने! ही रचना ज्याने केली त्याला मला एकदा भेटायचंय.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा सगळ्या बहिणींना उकळत्या पाण्यात बुडवून परीक्षा घेतली. मी इतक्या जोरात किंचाळले की तपासणाऱ्याच्या हातातला चहा सांडला. त्याने मला पास केलं. किंचाळायचं हेच आपलं काम, हे मला तेव्हा कळलं. माणसांना ते अजून कळायचंय.

मला मागवलं सुयशने. हा पुण्याचा, नोएडाच्या आयटी कंपनीत कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ बघून स्वयंपाक करणारा. पहिल्याच वेळी त्याने मला मांसात खुपसलं ते थेट हाडाला टेकवून. हाड चटकन तापलं. मला जे लागलं ते मी सांगितलं. त्याने ‘झालं, झालं’ म्हणत मांस उतरवलं, ते आतून कच्चं. मित्रांनी पिझ्झा मागवला आणि सुयश म्हणाला, “यार, ही सुईच घाबरट आहे.” नेम चुकला याचा आणि नाव पडलं माझं. त्यानंतर मी ड्रॉवरमध्ये, संपलेल्या बॅटऱ्या आणि केचपच्या पुड्यांबरोबर.

परवा ड्रॉवर उघडला तो रेवतीच्या बाबांमुळे. रेवती आणि सुयशला लग्न करायचंय. तिचे बाबा, पद्माकरकाका, मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती, हवामान खात्यातून निवृत्त. नाताळला त्यांच्या घरी डुकराचं मटण हवंच. सुयशच्या आई कुमुदिनीताई मात्र पुण्याच्या, शेजारी अंडं उकडलं तरी खिडकी लावून घेणाऱ्या. काकांनी लेकीला एवढंच विचारलं होतं, “ज्या घरात आपलं ताट चालत नाही, त्या घरात तू बसणार कुठे?” यावर सुयशने त्यांना जेवायलाच बोलावलं. बरगड्या, त्याही धुरावर शिजवलेल्या. आणि कुमुदिनीताई पुण्याहून आल्या आणि म्हणाल्या, “मी खाणार नाही. पण वाढीन मीच.”

काल संध्याकाळी तयारी झाली. बरगड्यांच्या मागच्या अंगाला एक पातळ, चिवट कातडं असतं. ते सोलून काढलं नाही तर ना मसाला आत जातो ना धूर. सुयशची बोटं सारखी निसटत होती. कुमुदिनीताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, पण राहवतंय कुठे!

“अरे, कोरड्या फडक्यात धर तो पापुद्रा आणि एका दमात ओढ.”

“पापुद्रा म्हणजे?” रेवतीने विचारलं. तिचं सगळं बालपण दिल्लीतलं.

“पोळीचा सुटतो ना वरचा, तो.”

“अच्छा, वो!” रेवतीने फडकं घेतलं आणि सर्रकन ओढलं. पापुद्रा अख्खा हातात आला. ताईंनी भिंतीकडे बघूनच “शाब्बास” म्हटलं. मग मोहरीचा लेप, मीठ, गूळ, काश्मिरी मिरची, लसूण. “चिमूटभर गोडा मसाला घाल, उग्रपणा जाईल,” हेही भिंतीलाच सांगून झालं. सुयशने घातला. मी शेजारीच होते. वास चांगला आला, हे मला कबूल केलंच पाहिजे.

आज सकाळी कोळसे पेटले, वर आंब्याच्या ढलप्या ठेवल्या, मला जाळीवर बसवलं. आकडा एकशे दहा. सुयशने बजावलं, “आई, झाकण कुणीही उघडायचं नाही. बिल्कुल नाही. उघडलं की सगळी धग जाते.” रेवतीला म्हणाला, “आणि ही आज उगाच ओरडली ना, तर सरळ विकून टाकणार.”

मी ठरवलं होतं, आज गप्प बसायचं. शहाण्यासारखं.

आणि मग ते टण्ण! पाठोपाठ बाहेरून कुमुदिनीताईंचा आवाज आला, स्वतःशीच बोलत होत्या, “उघडत नाहीये मी. नुसतं ताटलीत पाणी ठेवतेय वर. खालून जाळ, कोरडं पडलं तर करपेल ना!”

अहो ताई! भाजीचं पातेलं नाहीये हे! झाकणाच्या माथ्यावर धूर जायची भोकं असतात, ती बंद झाली की खालून हवा येत नाही आणि कोळसे गुदमरतात! पण मला शब्द कुठले? माझ्याकडे फक्त आकडा. एकशे चार. शंभर. मी ओरडले.

खाली डबी वाजली. रेवतीने फ्रिजचं दार लावलं. ते लागलेलंच होतं.

मी पुन्हा ओरडले. शेजारच्यांच्या टाकीचा अलार्म असेल म्हणून सुयशने खिडकी लावली. मग त्याला फोन आला, गेटवरून. “हाँ भैया, गेस्ट हैं हमारे, आने दो.”

शेवटी गच्चीवरून खाली आलेल्या कुमुदिनीताईंनी डबी उचलली. माझी आशा पल्लवित झाली. त्यांनी आकडा वाचला. “शंभर होता, आता पंच्याण्णव. उतरतोय गं ताप,” त्या समाधानाने म्हणाल्या. “पाण्याचा गुण असतोच.” आणि डबी पुन्हा बटाट्यांपाशी ठेवली.

ताईंनी कधीतरी तापाने फणफणलेल्या लहानग्या सुयशच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या असतील. त्याची शिक्षा मी भोगत होते.

पद्माकरकाका आले. बाहेरच्या खोलीत चहा झाला. ट्रॅफिकवर बोलून झालं, उन्हावरही बोलून झालं. ताई बिस्किटांची बशी सरकवत होत्या, काका “नको, नको” म्हणत होते. एवढ्यात मी ओरडले. सुयश उठला आणि त्याने बटण दाबून माझं तोंड बंद केलं.

नव्वद. बरगड्या गार पडायला लागल्या होत्या. काका अर्धकच्चं ताट बघणार, शिष्टाचार म्हणून दोन घास खाणार आणि लेकीला घेऊन जाणार. माझं एकच म्हणणं आहे. ओरडणारीला घाबरट म्हणा, हवं तर वेडी म्हणा, पण आधी एकदा वर येऊन बघा की हो!

शहाऐंशी. आकडा आणखी घसरला की बंद केलेली डबीही पुन्हा वाजते; मी उरलासुरला जीव एकवटून ओरडले.

“हे काय वाजतंय?” काकांचा आवाज.

“काही नाही काका, आमचा थर्मामीटर. थोडा घाबरट आहे.”

काका उठले. “नोकरीभर थर्मामीटर वाचले मी. घाबरट एकही भेटला नाही. न बघता सही करणारे साहेब पुष्कळ भेटले.” त्यांनी डबी हातात घेतली. “गच्ची कुठून?”

जिन्यावर पावलं वाजली, एकामागे एक. मग गच्चीचं दार. आणि मग वरचं वजन उचललं गेलं, भोकांतून ऊन आत आलं, कोंडलेला धूर भस्सकन बाहेर पडला. कोळशांनी श्वास घेतला.

“हे पाणी?” काकांनी विचारलं.

रेवतीने सुयशचा हात घट्ट धरला असणार, कारण तो “आई गं” म्हणाला.

“मी ठेवलं,” कुमुदिनीताई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. “करपू नये म्हणून. झाकण नाही हो उघडलं, देवाशपथ.”

काकांनी पाणी कुंडीत ओतल्याचा आवाज आला.

“आमची हीसुद्धा ठेवायची,” ते म्हणाले. “झाकणावर ताटली, ताटलीत पाणी. डुक्कर शिजताना तर हमखास. कुणाला हात लावू द्यायची नाही. ती गेल्यापासून पाहिलं नव्हतं.” मग जरा खाकरून, “सुयश, खुर्ची आण. दोन आण. ताई, तुम्हीही बसा. अजून दोन-तीन तास लागतील याला, आणि एकट्याने आकडे बघायचा मला नोकरीभर कंटाळा आलाय.”

खुर्च्या ओढल्याचा आवाज झाला. दोन खुर्च्यांचा.

माझी डबी अजून वाजतच होती. सुयश म्हणाला, “काका, बटण उजवीकडे आहे, बंद करा.”

काकांनी बटण दाबलं नाही. ते झाकणापाशी वाकले, इतके जवळ की त्यांचा चष्मा धुराने पांढरा झाला असेल.

“बोल गं बाई,” ते म्हणाले. “ऐकतोय मी.”