काचेमागचा बाप

मालकांच्या वडिलांचं चित्र कारखान्याच्या दर्शनी खोलीत, खिडकीच्या बरोबर समोर उंचावर टांगलेलं होतं आणि त्यात वडील सोडून सगळं दिसायचं. खिडकी दिसायची, बाहेरचा ट्रक दिसायचा, बघणाऱ्याचं थोबाड तर हमखास. ड्रायव्हर त्यात भांग पाडून घ्यायचा. मालक मात्र रोज सकाळी त्या चकाकीपुढे मान लववूनच आत जायचे. वडील गेले तेव्हा ते चार वर्षांचे होते. चेहरा काही आठवत नव्हता.

कारखाना भिंगांचा. भिंगावरून प्रकाश परतू नये म्हणून त्यावर पातळ थर चढवायचा, ही तिथली खासियत. ते काम कोटिंगवालीचं. हाताने हलकी, तोंडाने फटकळ अशी ही बाई मामांच्या हाताखाली तयार झाली होती. मामा म्हणजे मालकांचे सख्खे मामा. भाचा लहान होता तेव्हा कारखाना त्यांनीच चालवला. पुढे भाच्याने स्वस्तातला व्हॅक्यूम पंप आणला. मामा म्हणाले, "हा पंप नाही, दमेकरी आहे." दोघांत असं वाजलं की भाच्याने मामांना दार दाखवलं. दमेकऱ्याशी संसार करायला मागे कोटिंगवाली उरली.

एके दिवशी मालक तिच्यापुढे येऊन उभे राहिले. सर्जनच्या मायक्रोस्कोपसाठी भिंगं घेणारे पाहुणे यायचे होते.

"आपण बिनचकाकीची काच विकतो आणि आपलाच बाप चकाकतोय. शोभतं का? थर चढवा."

"वडिलांवर?"

"काचेवर हो!"

"साहेब, मशीनमध्ये भिंगं लावायचीत."

"भिंगं रोजचीच आहेत. बाप एकच असतो."

"सगळ्यांनाच एक असतो," ती पुटपुटली आणि माप घ्यायला शिडीवर चढली. चित्र उतरवताना जुनी काच तडकली. तिला फारसं वाईट वाटलं नाही.

नवी काच तिने धुतली, सुकवली, मशीनच्या पोटात कशीबशी बसवली. पंप धापा टाकत हवा उपसू लागला आणि ती त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बसली. हवा गेल्यावर आतली भुकटी तापली, तिची वाफ काचेवर बसली. एकावर एक चार थर, सगळे मिळून केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढेही नाहीत. पण प्रत्येक थरावरून परतणारे किरण आपसांत भांडतात, एकमेकांना गप्प करतात आणि चकाकी मरते.

फ्रेमवाल्याने काच बसवून, कागदात गुंडाळून दिलेलं चित्र पुन्हा भिंतीवर चढलं. शिडीवरून तिने कागद काढला, समोर पाहिलं आणि शिडी हलली. काच आहे की नाही, कळेना. कोट थोरल्या मालकांचा, मिशीही त्यांचीच. पण डाव्या भुवईतली ती खाच आणि दुसऱ्याचा माल डागाळला की ओठांवर येणारं ते हसू!

"मामा!" तिच्या तोंडून निघालं. मग विचार केला, आपण पगारी माणसं, आपल्याला काय करायचंय? खाली उतरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. पुढची गंमत सोडून जायला ती काही वेडी नव्हती.

मालक आईला घेऊन आले. वर पाहिलं आणि त्यांचा जबडा खाली आला.

"आई, हा तर मामा!"

"मग? तुझे वडील एका जागी बसले असते तर ना! चित्रकार तीनदा हात हलवत परत गेला. शेवटी त्यांचा कोट माझ्या भावाला घातला, वर मिशी काढली आणि उरकलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? नाहीतरी वाढवलं त्यानेच. म्हटलं, पोरगा मान लववतोय, लववू दे."

"म्हणजे ज्याला मी हाकललं, त्यालाच रोज सकाळी..."

"वाकून," आईने वाक्य पुरं केलं.

कोटिंगवालीला राहवलं नाही. "साहेब, मामांनी तुम्हालाच मामा बनवलं की!"

"थर काढून टाका!"

"आता नाही निघत तो."

तेवढ्यात पाहुणे आले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला चित्राच्या नाकावर धूळ दिसली. रुमाल घेऊन तो तिथेच राहिलेल्या शिडीवर चढला, बोट काचेवर आपटलं आणि तो लहान मुलासारखा हसला.

"अरे वा! आणि हे गृहस्थ कोण?"

मालकांनी आईकडे पाहिलं. आई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

"माझे मामा," मालक शेवटी म्हणाले. "कारखाना यांनीच सांभाळला. मलाही."

पाहुणे गेल्यावर मालक मामांच्या घरी निघाले. एकट्याने जायची छाती नव्हती, म्हणून कोटिंगवालीला सोबत घेतलं. मामांनी दार उघडलं, भाच्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"पंप बंद पडला ना?"

"नाही. मी चुकलो."

"ते तर पंप घेतलास तेव्हाच सांगितलं होतं," मामा म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. "या आत. चहा टाकतो."

पुढच्या आठवड्यात ते कामावर आले. पहिल्याच दिवशी कोटिंगवालीचा अख्खा ट्रे त्यांनी उजेडात धरला आणि नापास केला. ती तणतणली, भांडली, सगळी भिंगं पुन्हा धुतली. घरी गेल्यावर मात्र मामांनी ट्रे नापास केल्याचं नवऱ्याला तीनदा सांगितलं, दर वेळी हसत.