बर्तिलच्या बदकांचं मडकं

"अहो, तळघरातलं मोठं मडकं कुठाय?"

बर्तिलने विचारलं आणि नवऱ्याचा, आन्सेल्मचा चेहरा बघूनच ती समजून चुकली. जुन्या सामानाच्या बाजारात रिकामी मडकी विकून टाका म्हटलं, तर या शहाण्याने भरलेलंही विकलं! शनिवारी पोरीचं लग्न. बारा माणसांसाठी बदकाच्या बारा तंगड्या तिने हिवाळ्यातच शिजवून चरबीखाली मुरायला ठेवल्या होत्या.

"एवढं जड लागलं, तरी कळलं नाही?"

"जुन्या वस्तू जडच असतात, असं वाटलं मला."

"कपाळ माझं! कुणी नेलं?"

"गिरणीजवळच्या त्या पॅरिसच्या सोलांजबाईंनी."

बर्तिल एप्रनसकट धावत सुटली. सोलांजबाईंच्या दिवाणखान्यात, शेकोटीवरच्या फळीवर मडकं अगदी नवरदेवासारखं मिरवत होतं. वर पिवळी झिलई, खाली नुसती कोरी माती, कारण तेवढा भाग तळघराच्या गार जमिनीत पुरायचा असतो. आणि तोंडात चक्क वाळलेल्या लॅव्हेंडरचा गुच्छ!

"छान दिसतंय ना?" सोलांजबाई म्हणाल्या. "आणि फुलं उभी राहावीत म्हणून आत मेणसुद्धा घालून देता तुम्ही लोक! केवढी सोय!"

शेकोटी पेटलेली होती. फुलं एका बाजूला कलंडली होती आणि बाईंचा कुत्रा खाली बसून मडक्याकडे एकटक बघत होता. बर्तिलला रडायचं होतं, पण हसूच फुटलं.

"बाई, ते मेण नाही हो. माझ्या पोरीच्या लग्नाचं जेवण आहे ते!"

सोलांजबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लालबुंद झाल्या. "अगं बाई! मग मी नासवलं की काय?"

"चाखून बघायला हवं."

एक तंगडी बाहेर काढून तव्यावर परतली. लॅव्हेंडरचा नुसता हलकासा वास. दोघींनी एकेक घास घेतला, मग आणखी एक, आणि हाडही चोखलं. हसता हसता सोलांजबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"घेऊन जा, पण रिकामं झालं की मडकं माझं!"

"कबूल!"

शनिवारी पाहुण्यांनी बोटं चाटली. "चव काही वेगळीच आहे, कशी केलीस?" असं जो तो विचारू लागला. "आमच्या घराण्याची जुनी रीत," असं बर्तिलने गंभीर चेहऱ्याने ठोकून दिलं.

आन्सेल्मच्या ताटात मात्र नुसता पांढरा घेवडा.

"अगं, माझी तंगडी?"

"तुमची तुम्ही विकलीत!"