रेघेवरची टाच

माझी बायको बकुळा गेल्याचं मला दादरच्या मैदानावर कळलं. बास्केटबॉलची सेमीफायनल होती आणि मी पंच होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेमुळे आधीच एकदा पुढे गेलेला सामना. काळाचौकीची पोरं दादरपेक्षा एका गुणाने पुढे होती. वेळ संपत आली असताना माझा मेहुणा गुणाजी गर्दीतून गुण लिहिणाऱ्यांच्या टेबलापाशी आला. सकाळपासून तो इस्पितळात बकुळेजवळ होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. मला समजलं.

तेवढ्यात दादरच्या मनमोहनने कडेला बॉल धरला. त्याची टाच रेघेवर होती. बास्केटबॉलमध्ये रेघ म्हणजे बाहेर. टाच लागली की बॉल समोरच्यांचा. मला टाच दिसली. शिट्टी तोंडात होती, मी वाजवली नाही. त्याने बास्केट केली आणि सामना संपला.

हरलेल्या कॅप्टनने तक्रार तिथेच, टेबलावर द्यायची असते. काळाचौकीचा सीताराम तावातावाने निघालाच होता. गुणाजी माझ्या गळ्यात पडला ते पाहून तो मागे फिरला. त्याची पोरं घामेजल्या बनियनवर तशीच आमच्याबरोबर आली. भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत बकुळेला त्यांनीच खांदा दिला.

त्या आठवड्यात सीताराम भेटायला आला. बरोबर त्यांचा कोंडीराम होता. मीच टाचेचा विषय काढला.

"असू द्या काका," सीताराम म्हणाला. "तुमच्या घरात सुतक, त्यात सामन्याचं काय काढता."

"खांदा पण आम्हीच द्यायचा आणि मॅच पण," कोंडीराम बोललाच.

सीतारामने त्याला गप्प केलं. मग चाचरत म्हणाला, पंचाने स्वतः चूक सांगितली तर कमिटी सामना परत घेईल, पण फायनलच्या आधी. जमलं तर बघा. मी म्हटलं, सांगतो.

शनिवारी कमिटीचे सेक्रेटरी स्वतःच घरी आले. म्हणाले, "एवढं आभाळ कोसळलं तरी तुम्ही मॅच पुरी केलीत. सगळे तुमचं नाव काढतात." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं मला रडू येतंय. पाठीवर हात ठेवून ते बसून राहिले, मीही बसून राहिलो.

रविवारी फायनल झाली. मनमोहनचा संघ खेळला. सीताराम रस्त्यात भेटला तर अजून नमस्कार करतो. कोंडीराम करत नाही.

सेक्रेटरींना मी अजून सांगितलेलं नाही.