गारठ्याचे हात

"मानवजातीनं थंडीवर एकदाच मात केली," मोठे डॉक्टर म्हणाले. "अग्नीचा शोध लागला तेव्हा. दुसरी मात या तळघरात होणार आहे. अग्नीनंतर सुई!" उगारलेलं बोट त्यांनी क्षणभर तसंच धरलं, मग अंग चोरून घेत म्हणाले, "ती खिडकी लावा हो कोणीतरी. वारा येतोय."

खिडकी लागत नव्हती. फटीत वर्तमानपत्र कोंबलं गेलं आणि मानवजात पुढे सरकली.

समोरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांचे हात काखेत होते. ज्यांचे हात कायम गार पडतात अशांचीच ती सभा होती, तेव्हा भाषणाला टाळ्या पडल्या नाहीत याचा डॉक्टरांनी राग मानायला नको होता. त्यांनी मानला.

दुसऱ्या बाकावर गारठा बसला होता. घरच्यांनी ठेवलेलं नाव काही वेगळं होतं, पण ते आता फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि ती ते घेत नसे. तो एका सलूनमध्ये कारागीर होता. गारवा लागला की त्याची बोटं आधी खडूसारखी पांढरी पडत, मग निळी, आणि शेवटी दुसऱ्याच कोणाची तरी होत. अशी बोटं मानेवर टेकली की गिऱ्हाईक खुर्चीतून उडे. दारातूनच लोक विचारत, "गारठा आहे का आत?" आहे म्हटलं की पेपर उघडून साडूची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत बसत.

सलून सासऱ्यांचं. त्यांना दोन मुली आणि दुकानात दोन खुर्च्या. जाताना त्यांनी एकेक खुर्ची एकेका जावयाला दिली आणि भांडण मात्र दोघांत सामाईक ठेवलं. थोरला जावई म्हणजे साडू. त्याचे हात गरम, डोकं गरम आणि जीभ तर तापवूनच ठेवलेली.

परवा त्या बधिर बोटांतून वस्तरा घसरला आणि शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानाची पाळी कापली गेली. रक्त थोडंच आलं, पण साडू कित्येक वर्षं त्या थेंबाचीच वाट बघत होता.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "तुमची खुर्ची काढू या. तिथं डोकं धुवायचं बेसिन बसवतो. तुम्ही लोकांची डोकी धुवा. दिवसभर गरम पाण्यात हात राहतील. तुमच्याच भल्याचं सांगतोय हो!"

"मी कारागीर आहे."

"आहात की. पण हिवाळाभर तुमची बोटं रजेवर असतात, त्याला मी काय करू? महिन्याची मुदत देतो. हात गरम करून आणा, नाहीतर साबण हातात घ्या."

म्हणून गारठा तळघरात आला होता. खुर्चीसाठी. मानवजातीचं त्याला काही पडलेलं नव्हतं.

परीक्षा अशी होती. हातांत रक्त खेळावं म्हणून मनगटांवर सुया टोचायच्या. निम्म्या लोकांना खऱ्या सुया आणि निम्म्यांना खोट्या. कोणाला कुठल्या, ते शेवटपर्यंत सांगायचं नाही. आधी हात गार पाण्यात बुडवायचे, मग बोटांना यंत्र लावून ती किती वेळात तापतात ते बघायचं. सुया लावणाऱ्या डॉक्टरीणबाई उंच होत्या आणि त्यांना बोलणारी माणसं आवडत नसत. गारठ्याला न बोलणारी डोकी आवडत नसत.

"बाई, तुमचा भांग जरा वाकडा पडतोय."

"हात इकडे करा. तोंड भिंतीकडे."

"भोवरा आहे तुमच्या डोक्यात, म्हणून होतं ते. उजवीकडून पाडून बघा—"

"हलू नका!"

गारठ्यानं तोंड भिंतीकडे केलं. आयुष्यभर हे वाक्य त्यानं दुसऱ्यांना ऐकवलं होतं. ऐकून घ्यायला कसं लागतं ते आज कळलं. मनगटावर काहीतरी टेकलं. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि दात आवळले.

"दुखलं?" बाईंनी विचारलं.

"कारागिराला दुखत नाही," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. थोडं जास्तच सांगितलं. "सुई अशी आत गेली म्हणतेस! कळ पार खांद्यापर्यंत. शेजारचा माणूस रडला. मी हूं की चूं केलं नाही."

बायकोनं त्याचं मनगट दिव्याखाली धरलं. "भोक कुठंय?"

"हात निष्णात असला की भोक राहत नाही."

"मला डास चावला तरी चार दिवस फोड राहते."

"डास काय शिकलेला असतो?"

बायकोनं मनगट आणखी जरा वेळ हातात ठेवलं, मग सोडलं.

आश्चर्य असं की हात खरंच गरम व्हायला लागले. थंडीचा कडाका तसाच होता, साडूचा स्वभाव तसाच होता, पण बोटं पांढरी पडेनाशी झाली. गारठा सुया टोचून घेऊन आला की दुकानात उभ्याउभ्या साऱ्यांना प्रवचन देई. "सुई म्हणजे काय, शरीराच्या दारावरची कडी. वाजवणारा पाहिजे. आणि सोसणारा." एका गिऱ्हाइकानं चुकून त्याच्या खुर्चीत बसून दाढी करून घेतली आणि ते जिवंत, कोरडं आणि खूश उतरलं. मग दुसरं बसलं. साडू डोक्यागणिक काळवंडत गेला. बेसिनवाला माप घ्यायला आला तेव्हा साडूनं त्याला "मग बघू" म्हणून परत पाठवलं. हे दोन शब्द त्याच्या तोंडून दाढ उपटावी तसे निघाले.

महिना सरत आला तेव्हा तळघरात पुन्हा सभा भरली. या वेळी मोठे डॉक्टर उभे राहिले ते बोट न उगारताच.

"खऱ्या सुयांनी हात थोडे गरम झाले," ते म्हणाले. "आणि खोट्यांनीही तेवढेच झाले." अग्नीचं नाव त्यांनी काढलं नाही. बाहेर पडताना एकेकाला सांगायचं काम त्यांनी डॉक्टरीणबाईंवर सोपवलं आणि स्वतः चहाला गेले.

"तुम्हाला खोट्या होत्या," बाई म्हणाल्या.

"कोणाला?"

"तुम्हाला. ही बघा." त्यांनी सुई टेबलावर दाबली. नाटकातला खंजीर पात्राच्या पोटात न जाता मुठीत जातो, तशी ती सुई आपल्याच दांड्यात शिरली. टोक बोथट होतं. पेरूसुद्धा टोचला नसता त्यानं.

"पण कळ आली होती. खांद्यापर्यंत."

"ती तुम्हीच आणलीत. वर सगळ्यांत जास्त फरक तुमच्यातच! खऱ्या सुयांचं नाक कापलंत तुम्ही. सहा वर्षं शिकलेय मी हे."

"मग माझे हात गरम कशानं झाले?"

"ते कळलं असतं तर मी तुमच्याशी बोलत बसले असते का? पुढच्यांना पाठवा."

गारठा जिना चढून रस्त्यावर आला. कोपऱ्यावर वळेपर्यंत करंगळी पांढरी झाली. दुकानाची पाटी दिसली तेव्हा बाकीच्या बोटांनी करंगळीचं अनुकरण केलं होतं.

आणि नेमके त्याच्या खुर्चीत मुख्याध्यापक बसले होते. त्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच. गालांना फेस लागलेला होता. तो साडूनं लावून ठेवला होता, अगत्यानं. उजव्या हातानं त्यांनी आपला कान मुठीत धरला होता.

"या साडूभाऊ!" साडू म्हणाला. "सर म्हणाले, हात बरे झालेत असं ऐकलंय, बघू या. काय म्हणाले डॉक्टर?"

गारठ्यानं वस्तरा उचलला. तो बोटांतून निसटून साडूनं बेसिनसाठी जमिनीवर मारून ठेवलेल्या खडूच्या खुणेवर पडला. दुकानात सगळ्यांनी पेपर खाली केले.

"खोट्या होत्या," गारठा म्हणाला. "सुया. टोचल्याच नव्हत्या."

साडू हसला. आधी आवाज न करता, मग पोट धरून. "म्हणजे महिनाभर आम्हाला शौर्याच्या गोष्टी सांगितल्यात त्या... अहो, कळ खांद्यापर्यंत! शेजारचा माणूस रडला! सर, इकडे या माझ्या खुर्चीत. उद्या बेसिनवाल्याला बोलावतो."

"भाऊजी, जरा बाजूला व्हा," दारातून आवाज आला.

गारठ्याची बायको होती. निकाल ऐकायला आली होती. वडील गेल्यापासून तिनं या दुकानाची पायरी चढली नव्हती. ती सरळ आत आली, नवऱ्याला दंडाला धरून बाकावर बसवलं आणि त्याचा हात आपल्या मांडीवर ओढला. बर्फाची लादी असावी तसा होता.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "भोक नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"हात गरम होत होता. मी कशाला तोंड उघडू?" तिनं अंबाड्यातली पिन काढली, तिचं बोथट टोक पदराला पुसलं. "कुठं टेकवत होती ती बाई?"

"अगं, लोक आहेत."

"असू देत. कुठं?"

त्यानं मनगटावरची जागा दाखवली. तिनं पिन टेकवली आणि दाबली.

"वा! आता ही डॉक्टरीण!" साडू म्हणाला. "सर, फेस वाळतोय तुमचा. येताय ना?"

मुख्याध्यापकांनी आरशातून बाकाकडे पाहिलं. गालावरचा फेस एव्हाना तडकायला लागला होता.

"थांबतो मी," ते म्हणाले, आणि त्यांनी कानावरचा हात काढून खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

साडूनं आपली कात्री उचलली, पुन्हा ठेवली. गारठा ताठ बसला होता, अगदी पहिल्या दिवशी बसला होता तसा, डोळे मिटून, दात आवळून. बायको त्याच्या करंगळीकडे टक लावून बघत होती.

"हलू नका," ती म्हणाली, आणि पिन जरा आणखी दाबली.

गारठ्यानं एक डोळा उघडला. मग तिच्याकडे वाकून, साडूला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला,

"जरा हळू गं. दुखतंय."