पाटावर राहिलेली डिक्शनरी

मी इंग्रजी-जर्मन डिक्शनरी बोलतेय. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याची. नव्व्याण्णव सालच्या दसऱ्याला बसलेला धक्का अजून माझ्या पानांतून गेलेला नाही.

जन्म जर्मनीतला. एका साहेबाबरोबर मस्कतला आले; जाताना त्यांनी मला उत्तमच्या हाती दिलं. उत्तम देवरुखचा, जर्मन कंपनीत फिटर. ऑफिसात भाषांतराची जागा निघाली होती. ती मिळाली तर फॅमिली व्हिसा वाढणार, नाहीतर बायको सुगंधा आणि तान्हा स्वरूप परत गावी.

उत्तमचं घोडं 'कॅरी' या एका क्रियापदापाशी अडायचं. ओझं वाहायचं तर जर्मनमध्ये ट्रागेन. पण दुकान माल ठेवतं, शब्दाला वजन असतं, ठराव मंजूर होतो, तिथंही इंग्रजी कॅरीच म्हणते आणि जर्मन वेगळंच काही बोलते. सातवी शिकलेली सुगंधा मस्कतमधल्या अल् खुवैर भागातल्या खोलीत स्वरूपला मांडीवर थोपटत, माझ्यावर बोट ठेवून रोज नवऱ्याची उजळणी घ्यायची.

"दुकान माल ठेवतं, त्याला?"

"ट्रागेन."

"फ्यूरेन. अहो, आठवडाभर तेच चुकताय. स्वरूप शिकेल तुमच्याआधी."

परीक्षा नेमकी दसऱ्याला आली. उत्तम आंघोळीला गेला तशी सुगंधाने मला बॅगेतून काढलं. तिच्या शाळेत परीक्षेला पुस्तक नेणं म्हणजे कॉपी. ह्यांना पकडलं तर? शिवाय दसऱ्याला पुस्तक पुजायचं, उघडायचं नाही. माझ्या जागी तिने पुऱ्यांचा डबा ठेवला, मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिलं. खोटं कशाला बोलू, मी सुखावले.

नऊला फोन वाजला.

"सुगंधा, बॅगेत डबा कसा? डिक्शनरी कुठंय?"

"पाटावर. पूजा केली तिची."

"अगं, इथं सगळे डिक्शनरी घेऊन बसलेत. परवानगी आहे."

तिने फोन तसाच खाली ठेवला. माझं तर अक्षर न् अक्षर गोठलं. मग स्वरूपला कडेवर, मला काखेत घेऊन तिने टॅक्सी गाठली. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, पार सीबच्या पुढे. पोचलो तेव्हा परीक्षा संपली होती, उत्तम पायरीवर पुऱ्या खात बसला होता.

"दोन राहिले," तो म्हणाला. "शब्दाचं वजन आणि ठराव. फ्यूरेन मात्र लिहिलं."

जागा दुसऱ्याला गेली. डिसेंबरात सुगंधा, स्वरूप आणि मी देवरुखला आलो. उत्तम तिकडेच राहिला.

सात वर्षं झाली. दर दसऱ्याला त्याचा फोन येतो. "पुस्तकं पुजलीस?"

"पुजली."

ती अर्धंच सांगते. पाटावर स्वरूपची पुस्तकं असतात. मी तिच्या मांडीवर, कॅरीचं पान उघडं. राहिलेले ते दोन अर्थ ती बोटाने गिरवत बसते, कधीच तोंडपाठ झालेत तरी.

सुगंधा, बाई, यंदा मला मीट. आणि पाटावरच्या इतर पुस्तकांसारखं एक बोट कुंकू मलाही लाव.